गजूच्या वाट्याचे कडू

दोन वर्षांच्या मुलाने तोंड मिटले तर ते उघडता येते. दोन मोठी माणसे लागतात. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने गालांवर बोटे दाबायची. औषध आत जाते. पुढे गिळायचे की नाही, हे मात्र ते मूल ठरवते. क्षयरोग केंद्राच्या नोकरीत पहिल्या वर्षी कळलेल्या या गोष्टीत निवृत्तीपर्यंत काही फरक पडला नाही.

काम गृहभेटींचे होते. केंद्र सरकारी, नागपुरातले. डॉक्टर तपासत, छातीचा फोटो निघे, औषध फुकट मिळे. ते घरी गेल्यावर पोटात जाते की नाही हे पाहण्यासाठी आम्ही काही जणी लेडीज सायकलवरून शहरभर हिंडत असू. हुद्दा ‘हेल्थ व्हिजिटर’ असा होता. लोक सरसकट ‘सिस्टर’ म्हणत.

मोठ्या माणसाला समजावता येते. लहान मुलाचा प्रश्न वेगळा. मुलाच्या छातीतल्या गाठींत क्षयाची सुरुवात होते. वरून फारसे दिसत नाही. बारीक ताप असतो, भूक नसते, वजन हलत नाही. सत्तरच्या दशकात यावर दीड वर्ष रोज औषध द्यावे लागे. खाडे पडत गेले तर दबलेला रोग उचल खातो आणि कधी मेंदूपर्यंत पोचतो. तशी मुले वॉर्डात पाहिलेली होती. त्यांच्या आयांना काही विचारण्यात अर्थ नसे.

घरी गेल्यावर “औषध दिलं का?” असे विचारायचे नाही, हा आमचा पहिला धडा. त्याचे उत्तर सगळीकडे “हो” असेच येते. विचारायचे ते “आज कसं घेतलं?” असे. ज्या घरात औषध खरोखर दिले जाते तिथे या प्रश्नाला एक लांबलचक कहाणी मिळते. कोण कुठे बसले, कोणाच्या अंगावर काय सांडले, शेजारीण काय म्हणाली, हे सगळे येते. “घेतो ना, चांगला घेतो,” एवढेच उत्तर मिळाले की पाणी मुरते आहे हे समजून सायकल स्टँडवर लावायची आणि निवांत बसायचे.

अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समधला एक गार्ड मुलीला हिरवी झेंडी दाखवून तोंड उघडायला लावी. झेंडी हलली की ‘गाडी’ आत. युक्ती चोख होती. पण गार्ड ड्यूटीवर गेला की झेंडीही त्याच्याबरोबर जाई, आणि आईच्या हातातला हिरवा टॉवेल मुलीला मान्य नव्हता. शेवटी शेजारच्या दुसऱ्या गार्डाशी पाळी ठरवावी लागली. महाल भागातल्या एका घरी आजोबा “पाहा, मी घेतो,” म्हणत नातवाआधी रोज स्वतः एक गोळी घेत. नातवाच्या गोळ्या वेळेआधी संपल्या आणि आजोबांचा जुना खोकला उतरला. त्यांची थुंकी तपासली, तेव्हा नातवाला रोग कुठून लागला तेही कळले.

काही गोष्टी आम्ही सगळ्यांनाच सांगत असू. नाक दाबून पाजू नका, औषध श्वासनळीत जाते. दुधात मिसळू नका, मूल औषधाबरोबर दूधही सोडते. आणि कडू औषधाला गोड म्हणू नका. पहिल्या दोन गोष्टी लोक ऐकत. तिसरी फारसे कोणी ऐकत नसे.

गजूच्या घरी तिन्ही करून झाल्या होत्या.

गजूचे वडील नामदेव हे भिवापूरकडच्या शेतकरी घरातले. ते नागपुरात येऊन मिरचीच्या धंद्यात पडले होते. इतवारी बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांचे गोदाम होते, पुढे अंगण, आणि अंगणाला लागून दोन खोल्यांत ते, बायको सुमन आणि अडीच वर्षांचा गजानन ऊर्फ गजू राहत. उपचारासाठी येऊन राहिलेल्या एका चुलत्याकडून रोग मुलापर्यंत आला होता. चुलता बरा होऊन गावी परतला. गजूचे औषध दिवाळीनंतर सुरू झाले आणि थंडी सरेपर्यंत त्याचे वजन वाढण्याऐवजी घटले.

पहिल्या भेटीत सुमनने दार उघडले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

“काय झालं? रडत होतात का?”

“नाई बाई, मिरची होय. आत्ताच पोतं फोडलं.”

त्या घरात हे उत्तर नेहमी हाताशी असे, आणि त्याची शहानिशा करता येत नसे. पोते उघडले की अंगणात खकाणा उठे. येणाऱ्याला शिंका, ठसका, डोळ्यांना धार. अंगणात बायकांची ओळ बसून मिरचीचे देठ खुडत होती. सगळ्यांच्या नाकातोंडावर फडके.

“आज कसं घेतलं?”

“नाई घेतलं,” सुमन म्हणाली. खोटे बोलणारी नव्हती. “काल बी नाई. परवा घेतलं अन् माह्याच पातळावर ओकला. दुधात देऊन पाह्यलं तं दूधच सोडलं. केळात देल्लं तं केळ सोडलं. आता माह्या हातचं पाणी बी वास घेऊन पेते.”

नामदेव गोदामातून बाहेर आले. “गोड हाये म्हणून द्या ना, सिस्टर. पोट्ट्याले काय समजते?”

ओळीच्या टोकाला बसलेल्या म्हातारीने मान वर न करता उत्तर दिले, “पोट्ट्यालेच तं समजते गा नामदेव. तुलेच समजत नाई.”

या भागाबाई. बायकांच्या मुकादम. दर हंगामात भिवापूरच्या बाजूने बायका घेऊन येत आणि गोदामामागच्या चाळीत त्यांच्यासह उतरत. मालकाला एकेरीत बोलण्याचा त्यांचा हक्क नामदेवांच्या वडिलांच्या काळापासूनचा होता.

त्या दिवशी चमच्याने, बोटाने, साखरेत, मधात असे सगळे प्रकार करून पाहिले. गजूने दात आवळले, मग मान फिरवली, मग सगळे माझ्या पांढऱ्या साडीवर थुंकून टाकले. शेवटी दमून झोपला. औषध द्यायला आईचा हात पुढे आला की तो रडत नसे. तिच्याकडे बघत मागे मागे सरके. सुमनला याचाच जास्त त्रास होत होता.

केंद्रात डॉक्टरांनी वजन पाहिले. “पंधरा दिवस बघू. नाही तर भरती करावं लागेल.”

“किती दिवस?” सुमनने विचारले.

“काही महिने.”

“अन् मी?”

आईला मुक्कामाची परवानगी नव्हती. संध्याकाळी भेटता येई. सुमनने आणखी एकच प्रश्न केला, “अन् तिथं बी नाई घेतलं तं?”

“तिथे घ्यायला लावतात,” डॉक्टर म्हणाले. ते कठोर नव्हते. जे होते ते सांगत होते.

कोणत्या वेळी मूल कोणाच्या हातचे काय खाते, हे घरच्यांना विचारून कळत नाही. त्यांना ते दिसत नाही. म्हणून एक दिवस काम सुरू होण्याआधीच इतवारी गाठली. सकाळ नुकती उजाडली होती. पोती बंद होती, हवा स्वच्छ होती. एकेक बाई येत होती. हाताला जवसाचे तेल चोळायचे, फडके गळ्यात अडकवायचे आणि भिंतीला टेकून आपल्या जागेवर बसायचे. जागा ठरलेल्या. सगळ्या बसल्या की भागाबाई पितळी ताट घेऊन एका टोकापासून निघाल्या. ताटात गुळाचे खडे. प्रत्येक बाई तळहात पुढे करी, भागाबाई त्यावर खडा ठेवीत आणि पुढे जात. कोणी मागत नव्हते, कोणी नको म्हणत नव्हते. गूळ खाल्ला की खकाण्याने घसा धरत नाही, अशी त्यांची समजूत. उशिरा येणाऱ्या बाईला गूळ मिळत नसे.

ओळीच्या शेवटी, शांता नावाच्या तरुण बाईच्या शेजारी गजू बसला होता. मांडी घातलेली, तळहात पुढे. भागाबाईंनी त्यावर चिमूटभर गूळ ठेवला. त्याने तो बायकांसारखाच, समोर पाहत, गंभीरपणे चघळला. वास घेतला नाही.

सुमन दारातून म्हणाली, “हे तं तो रोजच करते. कामाच्या आधी बसते, मंग मी उचलून आणतो.”

त्या गुळातून गोळी देण्याची गोष्ट भागाबाईंपाशी काढली. त्यांनी लगेच नकार दिला.

“माह्या ताटात मी चोरून काई टाकत नाई, सिस्टर. ह्या बायका न पाहता तोंडात टाकतेत. उद्या कळलं का गुळात गोळी होती, तं कोणी माह्या हातचा गूळ खाईन का?”

“चोरून नको. त्याला सांगून द्या.”

“सांगून खाईन का तो?”

“माहीत नाही.”

“हे खरं बोलल्या,” भागाबाई म्हणाल्या. “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी सुमनने गोळी चमच्याच्या पाठीने कुटली, गुळात मळली आणि तो खडा ताटाच्या कडेला वेगळा ठेवला. भागाबाई ओळ संपवून गजूपाशी आल्या.

“गजाननराव, आयका. सगळ्यायले गूळ. तुले गूळ अन् कडू. खाचं असन तं बस. नाई तं ऊठ, मायजवळ जाय.”

गजूने ताटाकडे पाहिले, मग शांताच्या हलणाऱ्या जबड्याकडे. तळहात पुढे आला. खडा तोंडात गेला. पुढच्याच क्षणी त्याचे तोंड वेडेवाकडे झाले, डोळे भरले, ओठ उघडू लागले. सुमन उंबऱ्यावरून पाऊल टाकणार होती, तिला मागे धरावे लागले. ओळीतले कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. शांता समोर बघत नुसती म्हणाली, “लाइनीत थुकाची पद्धत नाई.”

त्याने गिळले.

दुसऱ्या टोकाला कोणीतरी फडक्याआड हसले. भागाबाईंनी ताट ठेवले, बायकांनी फडकी वर ओढली. पोती उघडण्याआधी गजूला उचलून पुढच्या खोलीत न्यायचे आणि दार लावून घ्यायचे, एवढी अट घातली होती. खकाण्यात त्याला क्षणभरही बसू द्यायचे नव्हते. ती सुमनने शेवटपर्यंत पाळली.

डॉक्टरांना हकिकत सांगितली. “मिरचीच्या गोदामात क्षयाच्या मुलाला औषध?” ते म्हणाले आणि नुसत्या कल्पनेनेच त्यांना शिंक आली. मग म्हणाले, “वजन दाखवा.” पंधरा दिवसांनी काटा थोडा पुढे सरकला होता. भरतीचा विषय मागे पडला. गजू औषधाला ‘कडू’ म्हणू लागला. त्याच्या बोलण्यात तो पदार्थच होता. भाजी, पोळी, कडू.

हे सगळे हंगामावर उभे होते, याचा विचार कोणीच केला नव्हता. मीही केला नाही. मृग जवळ आला की मिरची संपते आणि बायका पेरणीसाठी गावी जातात. भागाबाई बायका घेऊन भिवापूरच्या बसमध्ये बसल्या. दोन दिवसांनी सुमन गजूला कडेवर घेऊन केंद्रात आली. या वेळी डोळ्यांतले पाणी मिरचीचे नव्हते आणि तिने तसे सांगितलेही नाही.

“लाइन गेली, सिस्टर. मी ताट घेऊन बसली तं मले म्हणते, लाइन कुठं हाये. तोंड उघडून नाई राहिला.”

दुसऱ्या सकाळी घरी बैठक झाली. ओळ हवी, म्हणजे माणसे हवीत. हमाल गणपत तयार झाला. म्हातारे दिवाणजी गुडघ्यांची तक्रार करीत तयार झाले. शेजारच्या शिंप्याची बायको हसत हसत आली. नामदेव मात्र दारातच उभे.

“मी मालक हाओ गोदामाचा. माह्याच अंगणात गुळासाठी हात पसरू? बाजारात लोक काय म्हनतीन?”

सुमन ताटात गूळ फोडत होती. “पोरासाठी पसरा,” ती म्हणाली. “मले तं रोज पसरा लागते त्याच्यापुढं.”

नामदेव येऊन भिंतीशी बसले. गजूने त्यांना नीट पाहिले. “थे शांताचं,” तो म्हणाला. नामदेव एक जागा सरकले. “थे बी नाई.” आणखी एक. दिवाणजींना गुडघे धरून दोनदा उठावे लागले. सगळ्यांच्या जागा मनासारख्या झाल्यावर गजू आपल्या टोकाला मांडी घालून बसला. मी त्याच्या शेजारी, शांताच्या जागेवर होते. ती जागा मला कशी मिळाली, माहीत नाही. त्याने हरकत घेतली नाही.

आता प्रश्न ताट कोणी फिरवायचे हा होता. नवरा बसलेला, शेजारीण बसलेली. उरली सुमन. आणि तिच्या हातचे तो काही घेत नव्हता. तिला एवढेच सांगितले होते, विनवायचे नाही. भागाबाई कधी विनवत नसत. ‘घे ना राजा’ नाही, ‘एवढंच’ नाही, ‘गोड आहे’ नाही.

तिने भागाबाईंसारखे फडके गळ्यात अडकवले आणि पलीकडच्या टोकापासून निघाली. गणपतला खडा, शिंप्याच्या बायकोला खडा, दिवाणजींना, नवऱ्याला. ताटात खडे वाजत होते. मला खडा दिला. मग ती गजूपुढे थांबली. तिच्या ओठांवर काहीतरी आले, ते स्पष्ट दिसले. तिने ते गिळले.

“तुले गूळ अन् कडू,” ती म्हणाली. “खाचं असन तं बस.”

गजू बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. ती हलली नाही. मग त्याने तळहात उघडला. तिने खडा ठेवला, पाठ फिरवली आणि भागाबाई जात तशी, मागे न पाहता, ओळीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. तिथे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिच्या मागून नामदेवांचा आवाज आला, अगदी हळू, “गिळलं वं.”

ती ओळ पुढचा हंगाम येईपर्यंत चालली. नामदेव खरेदीला बाहेरगावी गेले की दूधवाल्याला बसवले जाई. एकदा वसुलीला आलेला एक व्यापारी बसला आणि गूळ खाऊन, कामाचे विसरून निघून गेला असे नामदेव सांगत. थंडीत भागाबाई परतल्या. अंगणात ताट फिरताना पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“माह्या मागं तुमीच लाइन चालवली का वं?”

“चालवली ना, मावशी.”

भागाबाईंनी ताटात डोकावून पाहिले. “खडे लय मोठे करतं तू,” त्या म्हणाल्या आणि ताट आपल्या हातात घेतले.

सगळीकडे असे जमत नसे. त्याच काळात बंगाली पंजा वस्तीच्या बाजूला एक घर होते. तिथे पोचायला आम्हाला उशीर झाला, आणि तिथली ओळ, झेंडी, जे काही असेल ते, आम्हाला सापडले नाही. दुसऱ्या घरची युक्ती तिथे चालत नाही, हे या कामातले अवघड. गजूची युक्ती पुढे किती तरी घरी सांगून पाहिली. कुठेही चालली नाही. त्यांच्याकडे मिरची नव्हती, भागाबाई नव्हत्या. प्रत्येक घरी नव्याने बसून पाहावे लागे, मूल आपणहून हात कुठे पुढे करते.

सुटलेले दिवस धरून डॉक्टरांनी गजूची मुदत थोडी वाढवली होती. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस फोटो निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, “बंद करा.” सुमनने ऐकले, पण तिचा विश्वास बसला नसावा. तिने पुन्हा विचारले. ते पुन्हा म्हणाले, “बंद. उद्यापासून काही नाही.”

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीच्या आधी तिकडे गेले. भेटीची गरज नव्हती. बायका हाताला तेल चोळून बसल्या होत्या. गजू आता चार वर्षांचा, तरी जागा तीच. भागाबाई ताट घेऊन ओळीतून आल्या. त्याच्या तळहातावर सगळ्यांसारखाच खडा ठेवला. त्याने तोंडात टाकला, चघळला आणि थांबला. जीभ फिरवून पाहिली. मग तळहात पुन्हा पुढे केला.

“माहं कडू?”

“सरलं, गजाननराव. आता तुले बी नुसता गूळ.”

“माहं कडू दे.”

“नाई आता. बरा झाला तू.”

त्याने शांताकडे पाहिले, ओळीकडे पाहिले. सगळ्यांच्या तोंडात तोच गूळ. वर्षभराहून अधिक काळ त्या ओळीत बसून कडू खाताना तो कधी रडला नव्हता. आता भोकाड पसरून रडू लागला. शांता हसली, गणपत हसला, नामदेव गोदामाच्या दारातून बघायला आले. भागाबाई म्हणाल्या, “बह्याडच हाये पोट्टं,” आणि त्याच्या तळहातावर आणखी एक खडा ठेवला. तो त्याने घेतला नाही.

सुमन त्याला उचलायला आली. तो दोन्ही हातांनी तिच्या गळ्यात पडला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्या दिवशीची पोती अजून उघडायची होती.